मितूचं वजन आणि मामाजींचा खोकला

गावातल्या लेकरांची वजनं करणं हे माझं काम. गडचांदूरजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला झोळीच्या काट्यावर एकेक लेकरू ठेवते, आकडा वाचते, वहीत लिहिते आणि आलेखावर ठिपका देते. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला तर आईला शाबासकी, पिवळ्यात घसरला तर बोलणी. मी बोलायला फटकळ आहे, हे सारं गाव जाणतं. "पोराला सकाळी काय खायला दिलं? बिस्किट? अन् अंडं काय कोंबडीलाच परत दिलं?" असं मी भर अंगणवाडीत विचारते.

त्यामुळे माझ्याच लेकीच्या बाबतीत मी काय केलं, ते सांगताना जीभ अडखळते. आजवर ही गोष्ट मी तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. डॉक्टर मॅडमना एक तुकडा, नवऱ्याला एक, सुपरवायझर बाईंना एक. पूर्ण कुणालाच नाही. आज पूर्ण लिहिते. कुणा आईच्या घरात असंच काही चाललं असेल, तर तिचे दोन-तीन महिने तरी वाचावेत.

पहिलं वर्ष

माझ्या लेकीचं नाव संघमित्रा. घरात मितू. सहाव्या महिन्यात बसली, आठव्यात रांगली, दहाव्यात खाटेचा पाय धरून उभी राहिली. पहिला शब्द 'आई' नव्हता, 'आबा' होता. याचं मला वाईट वाटलं होतं, पण हक्कानं रुसावं असं काही नव्हतं. मी दिवसभर गावाची पोरं सांभाळायची आणि माझं पोर मामाजी सांभाळायचे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. मामाजींची सारी उमर चुनखडीच्या खदानीत गेली. नवरा प्रमोद सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडे, पाळीनं. आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेला कपडा संध्याकाळी झटकूनच घरात घ्यावा लागतो. झाडांची पानं पांढरी, ओटा पांढरा. अशा गावात खोकल्याची कुणी चौकशी करत नाही. खोकला म्हणजे धूळ, आणि धूळ तर सगळ्यांचीच.

मितू दुपारी झोपायची ती मामाजींच्या छातीवर. दुसरीकडे ठेवली की जागी व्हायची. ते खोकले की तिचं डोकं वरखाली हलायचं, तरी तिची झोप मोडत नसे. आम्ही हसायचो.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा मामाजी मला म्हणाले, "सुनबाई, हा खोकला काई जाऊन नाई राह्यला. दवाखान्यात दाखवून देऊ काय एखांद्या दिवशी?"

मी पोह्यांचा कांदा चिरत होते. वर न बघताच म्हटलं, "मामाजी, खदानीत जिंदगी काढली तुम्ही. धूळ हाय ते. गावात कोन खोकलून नाई राह्यलं? शिरप आणून देतो तुम्हाले."

सिरप आणलं. मामाजींनी पुन्हा विषय काढला नाही. पुढे आशाताई घरोघर विचारत फिरत होती, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला आहे का. ती माझी मैत्रीण. मी दारातच सांगितलं, "आमच्याइथी कोनी नाई. मामाजींचा धुळीचा हाय, तो नको लिहू." तिनं लिहिला नाही. मी सेविका, मला कळत असणारच, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

तेरावा आणि चौदावा महिना

बाराव्या महिन्यात मितूचं वजन होतं आठ किलो दोनशे. तेराव्यात काटा आठवर थांबला. त्याच आठवड्यात तिनं पहिली चार पावलं टाकली होती, मामाजींच्या गुडघ्यापासून दारापर्यंत. लेकरू चालायला लागलं की वजन थोडं उतरतं, असं मी स्वतःला सांगितलं. दात येत होते, तेही कारण सापडलं. मार्च लागला होता, ऊन होतं. कारणांना तोटा नव्हता.

वहीत मी लिहिलं, आठ तीनशे.

का लिहिलं? त्या दिवशी रांगेत वस्तीतली सुनीता उभी होती. तिच्या पोराचा ठिपका पिवळ्यात गेला, म्हणून मी तिला नुकतंच चार बायकांत सुनावलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्यानंतर माझ्या लेकीचा नंबर. बाईचंच पोर उतरलं, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढच्या महिन्यात भरून निघेल, मग खरा आकडा लिहू, असं ठरवलं.

चौदाव्यात काटा सात आठशेवर आला. मी आठ चारशे लिहिलं. एकदा खोटी पायरी बांधली की पुढची तिच्यावरच बांधावी लागते.

मितू आता चालत नव्हती. चार पावलं टाकून झालेली पोरगी पुन्हा बसून राहायला लागली. उभी केली की हात वर करायची, घे म्हणायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. भाताचा घास तोंडात धरून ठेवायची आणि थोड्या वेळानं हळूच बाहेर काढून माझ्या हातावर द्यायची. रागानं थुंकायची नाही. सांभाळायला दिलेली वस्तू परत करावी तसं करायची. 

पंधरावा महिना

आमची मदतनीस कमलाबाई. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. लेकरांना झोळीत ठेवायचं काम तिचं, वाचायचं माझं. मे महिन्यात मितूला तिनं झोळीत ठेवलं आणि हात काढला. काटा सात चारशे. मी पेन उचललं. कमलाबाईनं वहीवर आपला हात आडवा ठेवला.

"बाई, मी शाळंत नाई गेली," ती हळू बोलली, बाकीच्या बायकांना ऐकू जाऊ नये इतकं. "पन इतके वर्सं ह्या काट्यापाशी हाय. काटा वाचता येते मले. तिसरा महिना हाय हा."

मला आधी राग आला. खरंच आला. तू कोण मला सांगणारी, इथपर्यंत ओठांवर आलं. मग मी झोळीत पाहिलं. मितू रडत नव्हती. बाकीची सगळी लेकरं काट्यावर आभाळ डोक्यावर घेतात. ही शांत पडून माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही जा," कमलाबाई म्हणाली. "मी पाह्यतो इथलं."

मी वही तशीच उघडी टाकून निघाले.

डॉक्टर मॅडमसमोर

गडचांदूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी मितूचं वजन केलं आणि तिचं कार्ड मागितलं. तिच्या कार्डावर मीच माझ्या सुवाच्य अक्षरात दर महिन्याचा आकडा लिहिला होता.

"मागच्या महिन्यात आठ चारशे आणि आज सात चारशे?" त्या म्हणाल्या. "महिन्याभरात किलोभर वजन गेलं? जुलाब झाले का? उलट्या?"

"नाही."

"ऊन फार आहे. पाणी कमी पडलं असेल. मी सलाइन लावते, दोन दिवस ठेवू." त्या लिहायला लागल्या.

प्रमोद शेजारी उभा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर त्या दिवशी सलाइन लागून, दोन दिवसांनी थोडं तोंड टवटवीत होऊन आम्ही घरी आलो असतो, आणि मितू पुन्हा दुपारी आबांच्या छातीवर झोपली असती. 

"मॅडम, ते आकडे खोटे आहेत," मी म्हटलं. "मीच लिहिलेत. मी अंगणवाडीत आहे. तीन महिन्यांपासून वजन उतरतंय. आठ दोनशे, आठ, सात आठशे, सात चारशे."

मॅडमचं पेन थांबलं. प्रमोद माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता मॅडम झापतील, जशी मी बायकांना झापते. त्यांनी फक्त खरे आकडे खाली एका ओळीत लिहिले आणि विचारलं, "घरात कुणाला खोकला आहे? बरेच दिवसांचा?"

आशाताईला जे दारात उत्तर दिलं होतं, तेच तोंडात आलं. ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. "सासऱ्यांना. कापूस वेचणीपासून."

चंद्रपूर

तिथून आम्हाला चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. चंद्रपूरचा मे महिना काय असतो, ते ज्यांनी काढला त्यांनाच ठाऊक. वॉर्डात कूलर होता, पण त्याचा वारा आमच्या खाटेपर्यंत यायचा कंटाळा करायचा.

तपासणीसाठी सकाळी उठल्याबरोबर, पोटात काही जायच्या आधी, मितूच्या नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढायचं होतं. एवढ्या लहान लेकरांना थुंकी काढता येत नाही, ती गिळतात, म्हणून पोटातून घ्यायची. दोन सकाळी असं झालं. पहिल्या दिवशी तिचे हात मी धरले. दुसऱ्या दिवशी मला धरवेना, प्रमोदनं धरले. नर्सबाई काम भराभर करायच्या आणि करताना मितूशी सतत बोलायच्या, "झालं बेटा, झालं, निघाली बघ नळी." त्या बोलण्याचा आधार मितूपेक्षा मलाच जास्त होता.

शेजारच्या खाटेवर जिवतीकडची एक बाई होती. तिच्या पोराच्या छातीत कफ भरला होता. घरच्यांशी ती गोंडीत बोलायची, माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत. मी अंघोळीला गेले की ती एक्स-रेच्या मोठ्या पाकिटानं दोन्ही लेकरांना वारा घालत बसायची, आळीपाळीनं, कुणाला कमी नाही आणि कुणाला जास्त नाही. एकदा तिनं विचारलं, "तू काम काय करते?"

"अंगणवाडीत आहे."

"मंग तं बरं," ती म्हणाली. "तुले तं लवकर मालूम पडलं असन."

तिच्या मनात काही नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. परत आले तर ती अजून वारा घालत होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. टीबी आहे, म्हणाले. छातीतला आहे, औषधानं पूर्ण बरा होतो, सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. 'पूर्ण बरा होतो' हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नव्हतं. टीबी या शब्दानंतर काही वेळ फक्त तोंडं हलताना दिसतात.

वेगळं ताट

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी. प्रमोद आणि मी सुटलो. मामाजींच्या थुंकीत जंतू निघाले.

रिपोर्ट आला तेव्हा मामाजी ओट्यावर होते, मितू माझ्या कडेवर. प्रमोदनं कागद वाचला आणि बापावर ओरडला, "सहा महिने खोकलून राह्यले तुम्ही! एकदा बोल्ले असते तं काय गेलं असतं तुमचं? लेकराले छातीवर घेऊन झोपत होते ना!"

मामाजींनी दुपट्टा तोंडावर घेतला आणि उठून गोठ्याकडच्या पडवीत गेले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मामाजींनी मला विचारलं होतं आणि मी कांदा चिरत नाही म्हटलं होतं, हे एक वाक्य होतं फक्त. ते माझ्यानं निघालं नाही. नवरा बापावर रागावला आहे, म्हणजे माझ्यावर रागवायचा राहिला आहे, असा हलकट विचार तेव्हा मनात आला, तो लपवून काय करू.

दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना पाहिलं तर मांडणीवर मामाजींचं ताट नव्हतं. पेलाही नव्हता. पडवीत गेले. त्यांनी आपलं ताट, पेला, एक वाटी वेगळी काढून खुंटीखाली लावून ठेवली होती.

"हे काय मामाजी? डॉक्टरनी ताट वेगळं करायले नाई सांगितलं. भांड्यांतून नाई पसरत हे. मास्क लावायचा, मोकळ्या हवेत झोपायचं, औषध चुकवायचं नाई. एवढंच."

"राहू दे," ते म्हणाले. "बरं हाय वेगळंच."

"बरं काय हाय त्यात?"

मामाजी पेल्याकडे बघत होते. "माह्या बापाले पाटलाच्या घरी वेगळ्या कपात चहा भेटे. कप गोठ्यात, खुंटीले. पेऊन झाला का धुवून परत खुंटीले. मी लहान होतो, पाह्यलं हाय मी. बापानं नंतर तिथी जानंच सोडलं." थांबून म्हणाले, "पन थ्या लोकायनं उगाच केलं होतं. माहा तं खरंच इटाळ झाला ना. माह्यानं लेकरू बिमार पडलं."

विटाळ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही मामाजींच्या तोंडून, स्वतःसाठी. मी ताट उचललं, पेला उचलला, वाटी उचलली, आणि ती छातीशी धरून उभ्या-उभ्याच सगळं बोलून गेले. तुम्ही मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. आशा विचारायला आली होती, मी तिलाही नाही म्हटलं. वजन खोटं लिहिलं. तुमच्यानं नाही मामाजी, माझ्यानं झालं.

प्रमोद माझ्या मागे उभा होता, हे मला नंतर कळलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. बापाशी मात्र त्याच संध्याकाळी बोलला. मामाजींची खाट अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यानंच लावून दिली. ताट मी मांडणीवर बाकीच्या ताटांत मिसळून ठेवलं. माझ्या कबुलीवर मामाजींनी तेव्हा हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्या तोंडाकडे बघायची.

सोळावा ते अठरावा

मितूच्या गोळ्या पाण्यात विरघळायच्या. चव फळासारखी आहे, असं नर्स म्हणाली होती. मितूला ते कुणी सांगितलं नव्हतं. वाटी दिसली की ती ओठ शिवून घ्यायची. मी धरायची, प्रमोद चमचा घालायचा, ती अर्धं आमच्या अंगावर काढायची. एकदा सगळं ओकली तेव्हा मी वाटी आपटली आणि मग वाटीलाच सॉरी म्हटलं, कारण मितू घाबरली होती.

लघवी केशरी होते, हे आधी सांगितलेलं होतं. तरी पहिल्यांदा दुपटं पाहिलं तेव्हा काळजाचं पाणी झालं. पुढे महिनाभर आमच्या दोरीवर केशरी डागांची दुपटी वाळत होती. शेजारीण म्हणाली, "काय वो, पोट्टीले झेंडूचं पाणी पाजून राह्यली काय?" मी त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी हसले.

सोळाव्या महिन्यात वजन सात पाचशे. शंभर ग्रॅम. फक्त शंभर. मी खचले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "उतरणं थांबलं ना? मग आज पेढे नको, पण चहा चालेल." सतराव्यात सात नऊशे. तिनं पहिल्यांदा पूर्ण अंडं खाल्लं आणि अजून मागितलं. अठराव्यात आठ चारशे. त्या महिन्यात ती पुन्हा उठून चालली. चार पावलं नाही, सरळ अंगणवाडीचं अंगण ओलांडून कोंबडीमागे. मी ओरडले, कमलाबाई धावत आली, तिला वाटलं पोर पडलं.

अंगणवाडीतही एक काम बाकी होतं. सुपरवायझर बाई आल्या तेव्हा मी वही पुढे केली. खोट्या आकड्यांवर आडवी रेघ, शेजारी खरे आकडे, खाली माझी सही. त्यांनी मेमो दिला. द्यायलाच हवा होता. पण मला कठीण गेली ती सुनीता. तिच्या घरी जाऊन मी म्हटलं, "मी तुला चार बायकांत बोलले. माझ्या मितूचंही उतरत होतं आणि मी लपवत होते." तिनं बसायला पाट दिला आणि म्हणाली, "तुमी चिल्लावता तवा बम राग येते बाई. पन माह्या पोराले अंडं चालू झालं ते तुमच्याचमुळं." तेव्हापासून मी रांगेत कुणाला बोलत नाही. घरी जाऊन बोलते. फटकळपणा गेलेला नाही, जागा बदलली आहे.

आबा कोण

मामाजींच्या पुढच्या तपासणीत जंतू निघाले नाहीत. मॅडम म्हणाल्या, आता मास्क काढा, नातीला घ्या. औषध मात्र पूर्ण करायचं.

दोन महिने मामाजींनी मितूला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं त्याहून कितीतरी लांब राहिले होते. ती अंगणात आली की ते खाट सोडून रस्त्यावर जायचे. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला, मास्क काढून खिशात ठेवला आणि हात पुढे केले.

मितूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि किंचाळून रडली. माझ्या पदरात तोंड लपवलं. तिच्या लेखी आबा म्हणजे लांबून जाणारा, अर्ध्या तोंडाचा माणूस. हा पूर्ण तोंडाचा कोण?

मामाजींचे हात तसेच राहिले थोडा वेळ. मग खाली घेतले. "राहू दे," म्हणाले. "तिची काई गलती नाई."

मला वाटलं होतं, ते पुन्हा पडवी धरतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर आमच्यापासून चार हात अंतरावर येऊन बसले. मी मितूला औषध पाजायची खटपट करत होते, तिचे ओठ नेहमीसारखे बंद. मामाजींनी आपली गोळ्यांची पट्टी काढली, हात उंच करून एक गोळी दाखवली, तोंडात टाकली, पाणी प्यायले, आणि असं तोंड वेडंवाकडं केलं की मितू बघतच राहिली. तिचा जबडा उघडा. मी चमचा आत सरकवला.

तेव्हापासून तोच नेम झाला. सकाळी ओट्यावर दोन पेशंट. आधी आबांनी गोळी गिळायची, तोंड वाकडं करायचं, मग मितूनं वाटी प्यायची आणि तसंच तोंड करायचं. आठ दिवसांत चार हात अंतराचे दोन झाले. पंधराव्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर बसून औषध पीत होती. माझी गरजच उरली नाही. मी आतून बघायची आणि दुसरं काम असल्यासारखी चुलीशी खुडबुड करायची.

ज्या आया हे वाचतील त्यांना

मी डॉक्टर नाही, शिकवायला बसले नाही. एवढंच म्हणते, की लेकराचं वजन दोन महिने वाढलं नाही तर कारण शोधत बसू नका, डॉक्टर शोधा. घरातल्या म्हाताऱ्याचा खोकला धुळीचा आहे की कशाचा, हे अंदाजानं नाही, थुंकीच्या तपासणीनं ठरतं. औषध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस लेकरू चिडचिडं होतं, ओकतं, तुम्हीही रडता. ते सगळं चालतं. दिवस चुकवणं चालत नाही. आणि घरात कुणी कुणाचं ताट वेगळं काढत असेल तर ते परत आणून मांडा.

एकविसावा महिना

नोव्हेंबरच्या शेवटी मितूच्या गोळ्या संपल्या. वजन नऊ सातशे. मॅडमनी कार्डावर 'उपचार पूर्ण' लिहिलं आणि या वेळी पेढे मागितले.

मामाजींचं औषध तिच्यानंतर सुरू झालेलं, त्यांचे अजून काही दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर पट्टी घेऊन बसले. मितू आपली वाटी घेऊन आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि तोंड उघडून वाट बघू लागली.

"तुह्यं झालं वो माय," मामाजी म्हणाले. "तुले आता दवाई नाई. माह्यीच राह्यली."

मितूनं वाटी त्यांच्या हनुवटीला लावली. "आबा, दे."

"नाई भेटत. तू बरी झाली."

बरी झाल्याचं तिला फार वाईट वाटलं. खालचा ओठ बाहेर आला आणि अंगणातली कोंबडी पळून जाईल एवढ्या मोठ्यानं भोकाड पसरलं. मी तिच्या वाटीत साधं पाणी ओतलं. मामाजींनी गोळी गिळली, तोंड वाकडं केलं. मितूनं पाणी प्यायलं आणि तिनंही तोंड वाकडं केलं. आम्ही दोघं हसलो.

हसता-हसता मामाजी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनबाई, एक सांगाचं राह्यलं. कापसाच्या दिवसात मी तुले इचारलं ना, दवाखान्यात जाऊ काय म्हून. थ्या आधी दोनदा दुपट्ट्यावर रक्त दिसलं होतं मले. नळाखाली धुवून टाकला. तू धूळ म्हनली, तं मले बरंच वाटलं."

सहा महिने मी 'धूळ हाय ते' हे एकच वाक्य डोक्यावर घेऊन फिरत होते. त्याचं अर्धं वजन मामाजींच्या डोक्यावर होतं आणि ते तेवढेच दिवस गप्प होते.

"काऊन नाई सांगितलं मामाजी?" माझा आवाज चढला. "रक्त दिसलं अन् सांगितलं नाई?"

"तू काऊन खोटं वजन लेह्यलं?"

 मामाजी मितूच्या पाठीवरून हात फिरवत होते. आता तिच्या पाठीचे मणके हाताला लागत नाहीत.

"भेव लागे," ते म्हणाले. "तुले बी, मले बी. आपन दोघंही झाकून राह्यलो होतो. ह्या पोट्टीलेच झाकता आलं नाई, म्हून वाचलो सारे."

मितूनं रिकामी वाटी माझ्यापुढे केली. तिला अजून हवं होतं.